गाठ कापण्याबाबत अध्यक्षांचं मत

माझा डावा डोळा चारचौघांत पहिल्यांदा वाहिला तो आमच्या सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या भाषणात. हा योगायोग होता हे मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. एकानेही मानलं नाही.

भाषण मराठी भाषेविषयी होतं. परदेशातल्या मंडळात दुसऱ्या कशाविषयी भाषण सहसा होत नाही. मराठीत सांगण्यासारखं काही उरलं नाही की माणसं मराठीविषयी सांगू लागतात. आमचे अध्यक्ष एका बँकेत बऱ्याच उंच मजल्यावर बसतात. दिवसभर इंग्रजीत काम करतात, बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतल्या कॉंडोत मुलांवर इंग्रजीत रागावतात, आणि अशी साठवून ठेवलेली सगळी मराठी सणासुदीला मंचावरून आमच्यावर सोडतात. धरणाचे दरवाजे उघडावेत तशी. खालच्या गावांना आधी इशारा देण्याची पद्धत मात्र मंडळात नाही.

"मायबोलीचा हा नंदादीप," ते म्हणाले, "या परभूमीत आपण रक्ताचं तेल करून तेवत ठेवला आहे."

मी जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत काम करतो. कशाचं तेल होतं आणि कशाचं होत नाही, या प्रश्नावर माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. तेव्हा रक्ताचं तेल करायला तापमान किती लागेल आणि मागे राहणाऱ्या गाळाची विल्हेवाट कशी लावावी, असा मी मनापासून विचार करत होतो. तेवढ्यात डाव्या गालावरून काहीतरी ओघळलं. पुसलं, पुन्हा ओघळलं.

"पूस," शेजारून बायको कुजबुजली.

"पुसतोय. परत येतंय."

"मग खाली तरी बघ. तो तुझ्याकडे बघतोय."

तो बघतच होता. म्हणजे ते. अध्यक्षांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, हात वर केला आणि म्हणाले, "आता मी पुढे काही बोलणार नाही." (पुढे ते बराच वेळ बोलले.) "समोर पाहा. आपल्या या बंधूच्या डोळ्यांत पाहा. मराठी मेली म्हणणाऱ्यांनी एकदा हे अश्रू पाहावेत!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांचा मुलगा पहिल्या रांगेत फोनवर काहीतरी खेळत होता. टाळ्या कशाला पडल्या हे पाहायला त्यानेही मान वर केली, आणि काही विशेष नाही असं दिसल्यावर पुन्हा खाली घातली. हॉलमध्ये तेवढा एकच चिकित्सक होता.

कोणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं की पाणी एकाच डोळ्यातून येत होतं. भावना दोन्ही डोळ्यांनी येते. एकाच डोळ्याने येते ती नळकामाची तक्रार असते. पण भाषण ऐकून आधीच अवघडलेल्या माणसांना इतका हिशेब सुचत नाही. त्या दिवसापासून मंडळात माझी हळवा माणूस म्हणून ख्याती झाली आणि प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, वक्त्याच्या बरोबर समोर, माझी खुर्ची राखीव राहू लागली. एसीचा झोत तिथेच येतो. डोळा आणखी वाहायचा, आणि वक्ते आणखी फुलायचे.

बाहेरच्या जगात या अश्रूंना इतका भाव नव्हता. कारखान्यात सेफ्टी ऑफिसरने मला बाजूला घेऊन कुठल्या वायूशी संपर्क आला का, असं तीनतीनदा विचारलं. क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकखालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने ॲलर्जी म्हणून थेंब दिले. थेंब आत जायचे आणि सोबत्यांना घेऊन बाहेर यायचे. आमची कन्या इथल्याच शाळेत शिकलेली. तिने शेवटी इथला 'लाह' लावून एका वाक्यात निदान केलं होतं.

"बाबा, ओन्ली वन साइड लीकिंग. चोक झालंय, लाह."

चोकच झालं होतं. या शहरात कितीही पाऊस पडला तरी तासाभरात रस्ता कोरडा होतो. पाण्याचा निचरा हा इथला राष्ट्रधर्म आहे. तुंबलं ते एवढं माझ्या चेहऱ्यावरचंच.

मग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या बाजूला, एक फुगवटा दिसायला लागला. आणि एका सकाळी रुमालावर जे पाणी आलं ते गुलाबी होतं. बायकोने तो रुमाल हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, आणि ऑफिसला सुट्टी टाकली. माझ्या नव्हे, स्वतःच्या.

इस्पितळात जिच्याकडे आम्हाला पाठवलं ती सर्जन माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. बोलायची कमी. तिने बोटाने तो फुगवटा दाबून पाहिला, स्कॅन करून घेतलं, आणि माझा व्यवसाय विचारून त्याच भाषेत समजावलं. पापणीच्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं असतात, तिथून दोन नळ्या, त्या एका छोट्या पिशवीत उतरतात आणि पिशवीखालचा पाइप नाकात. रडताना नाक का वाहतं, याचं उत्तर मला पन्नाशी उलटल्यावर मिळालं. माझ्या त्या अश्रूंच्या पिशवीत एक गाठ वाढत होती.

"तिथे गाठ होणं फार दुर्मीळ," ती म्हणाली. "आणि झाली तर बऱ्याचदा वाईट निघते. म्हणून आधी तुकडा काढून बघू."

तुकडा निरुपद्रवी निघाला. आम्ही उठायला लागलो तर तिने हाताने बसवलं. या जातीची गाठ वरून साधी असते, पण तिच्या पोटात एखाद्या कोपऱ्यात बिघाड लपलेला असू शकतो. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. सगळं भांडंच उपसून, दाणा न् दाणा बघावा लागतो. गाठ पिशवीसकट अख्खी काढायची, ती पूर्ण तपासायची, आणि मगच काय ते कळणार. आत वाईट निघालं तर पुढचं ऑपरेशन मोठं: बाजूचं हाड, आणि बहुधा डोळा.

"बहुधा," बायकोने तो शब्द उचलला.

"बहुधा," सर्जन म्हणाली. तिने तो शब्द गोड केला नाही. तेव्हाच मला ती आवडली.

तिचे विभागप्रमुख मात्र आमच्या अध्यक्षांच्या कुळातले निघाले. ते शिकाऊ डॉक्टरांचा लवाजमा घेऊन आले, पडद्यावर माझ्या डोक्याचा आडवा छेद पाहिला आणि म्हणाले, "ब्यूटिफुल." माझ्या आतलं काही पाहून कोणी ब्यूटिफुल म्हणण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. शिकाऊ मंडळींनी माना डोलावल्या. दुर्मीळ हा शब्द आमच्या पुण्यात जुनी नाणी, पोथ्या आणि वेळेवर घर सोडणारे भाडेकरू यांच्यासाठी वापरतात. त्या पंक्तीत माझा समावेश झाल्याचं पाहून मला अवघडल्यासारखं झालं.

प्रमुखांना माझे फोटो एका परिषदेत दाखवायचे होते. "तुमची ओळख पूर्ण गुप्त राहील," त्यांनी भारदस्त आवाजात आश्वासन दिलं. "डोळ्यांवर आम्ही काळी पट्टी टाकतो."

"मग दाखवणार काय?" मी विचारलं.

सर्जन एकदम खोकली आणि पडद्याकडे वळली. प्रमुखांनी प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे अशी मुद्रा केली. लवाजमा पुढच्या दुर्मीळ माणसाकडे निघाला.

घरी आल्यावर पुण्याहून दादाचा फोन. माझा थोरला भाऊ फोनवर कधी हॅलो म्हणत नाही.

"तसलं काही नाही ना?"

"तुकड्यात तरी तसलं नाही."

"तुकड्यात म्हणजे?"

"अख्खी गाठ काढल्यावर कळेल."

"हं. गाईचं तूप घालतोस का?"

"डोळ्यात?"

"नाकात रे. रोज दोन थेंब. आणि वाचन कमी कर. लहानपणापासून सांगतोय."

आमच्या घरात त्या रोगाचं नाव आजतागायत कोणी उच्चारलेलं नाही. आमची एक मावशी 'तसल्या'ने गेली. पण त्याच शब्दाने आमच्या एका काकांचं पिणं, एका आतेभावाची अटक आणि एका चुलतबहिणीचा परस्पर केलेला विवाह हेही भागवून नेलं आहे. नाव घेतलं नाही की गोष्ट घडत नाही, असा हा पिढीजात विश्वास. गोष्टी घडायच्या थांबल्या नाहीत. फक्त कोणाचं काय घडलंय हे कळेनासं झालं. शिकलेल्या घरांतून हा शब्द काढून टाकला तर अर्धी संभाषणं बंद पडतील आणि उरलेल्या अर्ध्यांना अर्थ येईल.

आता सिंगापूरमधल्या मराठी माणसाची एक ठाम समजूत सांगायला हवी. ती ही की, सार्वजनिक वाहनात आपलं कोणाला समजत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात जो माणूस आपण इथे हजारोंनी आहोत म्हणून छाती फुगवतो, तोच एमआरटीच्या मेट्रोत बसला की आपण अख्ख्या बेटावर एकटेच मराठी आहोत अशा खात्रीने, मोकळ्या आवाजात, घरची लक्तरं फोनवर वाळत घालतो. माझी बायको याला अपवाद नाही. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर ती बसमधून येताना तिच्या बहिणीशी बोलत होती. ते बोलणं तिने मला नंतर आठवून आठवून सांगितलं, साधारण असं:

"हो गं, गाठ कापूनच टाकायची ठरलंय. ठेवून काय करायचं? इतके दिवस आत वाढत होतं आणि आम्हाला पत्तासुद्धा नाही. तसलं काहीतरी असणार ही भीती आहेच ना मनात... तो? तो तयार आहे. रडतो म्हणजे काय, तो सारखाच रडतो, त्याचं काही नाही. मुलीला सांगितलंय. ती मोठी आहे आता, समजून घेते."

मागच्या सीटवर मंडळाच्या चिटणिसांच्या पत्नी बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी अध्यक्ष स्वतः आमच्या दारात उभे. मागे चिटणीस, हातात काजूकतलीचा डबा. चिटणीस हे सद्गृहस्थ आहेत. त्यांना सगळ्या जगाशी सहमत व्हायचं असतं आणि त्यासाठी ते "अगदी" हा एकच शब्द वापरतात. अध्यक्ष बुकित तिमाह सोडून क्लेमेंटीच्या सरकारी ब्लॉकमध्ये लिफ्टने वर आले, याचाच अर्थ प्रसंग गंभीर होता. बायको चहा टाकायला आत गेली.

"बंधू," अध्यक्ष बसत म्हणाले, "आम्हाला सगळं कळलं आहे."

मला वाटलं, स्कॅनचं. "बातम्या लवकर पसरतात," मी म्हटलं.

"मंडळ म्हणजे कुटुंब."

"अगदी," चिटणीस.

"किती दिवस चाललंय हे?"

"वर्ष तरी झालं असेल. पण आधी कळलंच नाही. नुसतं पाणी यायचं."

"ते आम्ही पाहत होतो." अध्यक्षांनी डोळे मिटले. "पहिल्या रांगेत बसून हा माणूस आपलं दुःख गिळतोय, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आणि आता काय ठरवलंत?"

"गाठ कापून टाकायची."

"बंधू!" त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "गाठ कापणं सोपं असतं."

"सोपं नाही म्हणाल्या डॉक्टर. फार नाजूक जागा आहे."

"नाजूकच आहे. अतिशय नाजूक. म्हणून तर कापायची नसते. हळूहळू, प्रेमाने, सैल करायची असते."

"तसं करून बघितलं थेंब घालून. काही झालं नाही. आता मुळासकट काढणार. पूर्ण भूल देऊन."

"भूल!" या शब्दावर अध्यक्ष उजळले. "काय अचूक शब्द वापरलात! भूलच ती. कोणालाही पडते. मोठमोठ्यांना पडली आहे. पण भूल उतरते, बंधू, आणि मग माणूस मागे वळून बघतो तेव्हा घर उरलेलं नसतं!"

"अगदी," चिटणीस म्हणाले, आणि भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे त्यांनी असं पाहिलं की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्या क्षणी मी त्यांना थांबवू शकलो असतो. सभ्य माणसाने थांबवलं असतं. पण गेलं वर्षभर हा गृहस्थ माझ्या तुंबलेल्या नळीवर स्वतःची कीर्ती उभारत होता. मी ठरवलं की एकही शब्द खोटा बोलायचा नाही आणि एकही जास्त बोलायचा नाही.

अध्यक्ष पुढे झुकले, आवाज खाली आणला. "कोण आहे ती?"

"इथलीच आहे. चिनी."

"वय?"

"तरुण आहे. पण हात फार चांगला आहे म्हणतात."

चिटणिसांच्या तोंडून "अग" एवढंच आलं.

"आणि वहिनींना हे माहीत आहे?"

"तीच तर मला तिच्याकडे घेऊन गेली."

अध्यक्ष मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण भाव होता. पुढच्या भाषणाला विषय मिळाल्याचा. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि ते चक्क उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही थोर आहात. पण त्यागालाही सीमा असते. सप्तपदीच्या वेळी जी गाठ बांधली—"

"कसली गाठ?" बायको म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. आमच्या संसाराला बरीच वर्षं झाली आहेत. तिला एवढं पुरलं. "अहो, डोळ्याची गाठ. डो-ळ्या-ची. हे बघा." आंबेवाला गिऱ्हाइकाला आंबा दाखवतो तशी तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि नाकाजवळचा फुगवटा दाखवला.

डबा अजून चिटणिसांच्या मांडीवर होता. तो त्यांनी हळूच टीपॉयवर ठेवला.

"म्हणजे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनाही शब्द मिळाला तो आमच्याच घरचा. "तसलं?"

"ते काढल्यावर कळेल," बायको म्हणाली.

"आणि तसलं निघालं तर?"

"तर याचा डोळा जाईल."

दूध नासलंय हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली. डोळा जाईल हे वाक्य तोपर्यंत आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं, तिनेही नाही, मीही नाही. ते पहिल्यांदा बोललं गेलं ते या दोन माणसांसमोर, काजूकतलीच्या डब्यावरून. मला एकदम कशाचंच हसू येईना.

अध्यक्षांनी माझ्या डोळ्याकडे पाहिलं. त्यांनी तो प्रथमच पाहिला. इतके दिवस त्यांना त्यात फक्त आपलं प्रतिबिंब दिसत होतं. ते घाबरले, हे स्पष्ट दिसत होतं. खुर्चीत जेवढं मागे सरकता येतं तेवढे सरकले, जणू गाठ उडी मारून येईल. एखाद्या माणसाला समोरच्याची भीती वाटली की त्याच्याकडे बोलायला काही नसतंच. तेव्हा तो गप्प बसला तर मोठा ठरतो. अध्यक्ष गप्प बसले. मी मनातल्या मनात त्यांना पहिला गुण देणार, तोच त्यांना सूर सापडला.

"काळजी करू नका. मंडळ तुमच्या पाठीशी आहे. येत्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला आम्ही सगळे उभे राहून—"

"उभं राहतात ते माणूस गेल्यावर," बायको म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

ते गेले. काजूकतली बरी होती, तेवढं न्यायाने नोंदवायला हवं.

त्यानंतरच्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतकी वर्षं चालताना बायको माझ्या उजव्या हाताला असायची. मार्केटला, एमआरटीकडे, कुठेही. आता ती डाव्या बाजूने चालू लागली होती. रस्ता ओलांडताना आधी तिकडची वाहनं तीच बघायची.

"ही बाजू का?" मी विचारलं.

"इकडे सावली आहे."

सावली उजवीकडे होती. मी दुरुस्ती सुचवली नाही.

ऑपरेशन झालं. भूल उतरली आणि घर जागेवर होतं. नाकाच्या बाजूला टाके, नाकपुडीत कापसाचा बोळा, डोळ्यावर पट्टी, आणि चेहरा असा की कन्या म्हणाली, "बाबा, कोणी विचारलं तर सांग, यू शुड सी द अदर गाय." सर्जन संध्याकाळी आली. गाठ फुटू न देता पिशवी आणि खालची नळी एकसंध बाहेर काढली होती, नाकापर्यंत. पाण्यासाठी नवी वाट तिने मुद्दाम केली नव्हती. आत वाईट निघालं तर तीच वाट त्याला नाकात उतरायला मिळाली असती. मला हे ताबडतोब पटलं. आमच्याकडेही कुठल्या लाइनीत काय आहे हे कळेपर्यंत ती दुसरीला जोडत नाहीत. याचा अर्थ इतकाच की डोळा वाहतच राहणार. पुढेमागे, सगळं ठीक असेल तर, कोपऱ्यातून नाकात एक बारीक काचेची नळी बसवता येते.

ही माहिती आप्तेष्टांना पचली नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण पट्टीकडे बघून एकच विचारायचा, "म्हणजे पाणी येतच राहणार? मग ऑपरेशन केलं कशाला?" हे विचारणारे लोक पदवीधर होते. घराला आग लागली, ती विझवली, आणि हे विचारत होते की मग भिंतीला रंग का नाही दिला. दादाचा फोन आला. तूप घातलं असतं तर ही वेळ आली नसती, असं त्याने सौम्य शब्दांत नमूद केलं. विभागप्रमुख आले, वर्णन ऐकून "ब्यूटिफुल" म्हणाले, आणि गाठ कुठे आहे असं विचारलं. मी कुठे आहे ते त्यांना दिसत होतंच, त्यामुळे विचारलं नाही. मंडळाकडून एक पुष्पगुच्छ आला. त्याच्यावरच्या कार्डात 'लवकर बरे व्हा' हे इंग्रजीत होतं.

अहवाल यायचा होता. ते दिवस कसे गेले यावर लिहिण्यासारखं काही नाही. मी मोठमोठी पुस्तकं उघडली आणि प्रत्येकात लेखक मला काहीतरी समजावतोय असं वाटून मिटली. धीर देणाऱ्या लेखनाची खोट ही की ते लिहिताना लेखकाचं काही अडलेलं नसतं. पट्टी बदलताना मलमामुळे त्या डोळ्याला सगळं धुकं दिसायचं, आणि ते धुकं मलमाचंच आहे की आणखी कशाचं, हे मी कोणाला विचारलं नाही. बायकोने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून पुसले. मग तेच पुन्हा पुसले. आम्ही एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होतो. आमच्या घरात हे वाईट लक्षण आहे.

ठरलेल्या दिवशी सर्जनने आम्हाला बसवलं. ती आधी हवापाण्याचं बोलली नाही, तयारी केली नाही, धीर दिला नाही.

"निरुपद्रवी," ती म्हणाली. "पूर्ण. सगळी गाठ तपासली, कडा स्वच्छ आहेत. अशी गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून तपासण्या करत राहू. पण कॅन्सर नाही. डोळ्याला हात लावायची गरज नाही."

बायकोने मान हलवली. मग मला मराठीत म्हणाली, "तिला परत सांगायला सांग."

"तू ऐकलंस की."

"मला नीट ऐकू आलं नाही. सांग तिला."

मी सर्जनला म्हणालो, माझ्या पत्नीला ते पुन्हा ऐकायचं आहे. सर्जनने पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द तसंच, एकही न वाढवता. बायको तिच्या ओठांकडे बघत होती. शेवटचं वाक्य संपल्यावर तिने पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, सापडलं नाही, बंद केली.

सर्जनने माझी पट्टी काढली, मलम पुसलं आणि उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितला. समोरच्या भिंतीवर तो तक्ता होता. वर एक मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. डाव्या डोळ्यात पाणी भरलं आणि अक्षरं पोहू लागली.

"दिसत नाही?" बायकोने लगेच विचारलं.

"थांब. पाणी आहे."

पुसलं. अक्षरं स्थिर झाली. मी वरून सुरुवात केली. एकेक अक्षर, मग दोन, मग तीन. कुठल्याही भाषेतला एकही शब्द त्यांतून होत नव्हता. कोणाचा गौरव नव्हता, कोणाला आवाहन नव्हतं, कशाचा नंदादीप नव्हता. जे होतं ते काळं आणि स्पष्ट होतं. पुन्हा पाणी आलं, पुन्हा पुसलं, आणखी एक ओळ उतरलो. सगळ्यात खालची ओळ मुंगीएवढी होती. तीही वाचली.

"व्हेरी गुड," सर्जन म्हणाली आणि दिवा बंद करायला हात लांबवला.

"थांबा म्हणावं," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "परत वाच. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून वाचलं.